ग्रीक राजा आणि आमचे अध्यक्ष

मित्रांनो, मी जुनी आहे हे माझ्याकडे बघूनच कळतं. पाठ ढिली झालीय, कोपरे कुरतडलेत, हिरव्या कापडी बांधणीचा रंग उडून शेवाळासारखा झालाय. पण ते सांगायला मी तोंड उघडलेलं नाही. मी रागावले आहे म्हणून बोलते आहे, आणि राग आला की गोडगोड सुरुवात मला जमत नाही.

मी एका महाकाव्याची प्रत आहे. फार फार पूर्वी ग्रीस देशात युद्धाची एक लांबलचक कविता रचली गेली. लोक ती तोंडपाठ म्हणायचे आणि बाकीचे मांडी घालून ऐकायचे. एका प्राध्यापकांनी आयुष्यातली बरीच वर्षं घालवून ती मराठी गद्यात आणली. पुण्याच्या एका छापखान्यात तिच्या प्रती निघाल्या, त्यातली मी एक. छापखान्यात त्या दिवशी घाई होती. पानांच्या कडा कापणाऱ्या माणसाचं लक्ष कुठं होतं कुणास ठाऊक. सुरुवातीची थोडी पानं नीट कापली गेली आणि पुढची सगळी जोडीजोडीनं चिकटलेलीच राहिली. म्हणजे मला वाचायचं तर आधी पट्टी घालून एकेक पान सोडवायचं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला वाटलं, येईल कुणीतरी, सोडवेल.

किती वर्षं वाट बघायला लागली ते विचारू नका. राग वाढतो.

सरकारी अनुदानाच्या पुस्तकांबरोबर गोणपाटात बांधून मी इथं आले. इथं म्हणजे बीड जिल्ह्यात, दिंद्रुडच्या बाजाराला जो रस्ता जातो त्या रस्त्यावरच्या एका गावात, सार्वजनिक वाचनालयात. गोणपाट सोडणाऱ्यानं माझ्या पाठीवरचा 'महाकाव्य' हा शब्द वाचला आणि मला सरळ पोथ्यांच्या फळीवर नेऊन ठेवलं. दसऱ्याला माझी पूजा झाली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, पुढं उदबत्ती. एका बाईंनी तर माझ्यावर डोकं टेकवलं आणि लेकीचं चांगलं होऊ दे म्हणाल्या. आता मी काय करणार? माझ्या पोटात सगळे देव आपापसांत भांडतायत, खोटं बोलतायत, एकमेकांचे पाय ओढतायत. उघडून बघितलं असतं तर बाईंनीच दोन शब्द सुनावले असते त्यांना. पण उघडलं कुणी नाही. पूजा केली आणि ठेवून दिलं.

आमच्या वाचनालयात एक पद्धत आहे. पुस्तक परत करताना वाचकानं शेवटच्या कोऱ्या पानावर आपला अभिप्राय लिहायचा आणि खाली सही करायची. माझ्यावरचा पहिला अभिप्राय भागवत गुरुजींचा. गुरुजी म्हणजे गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अक्षर असं की बघत राहावं. शाईच्या पेनानं त्यांनी लिहिलं:

'ग्रंथ सर्वांगसुंदर. शौर्य, मैत्री आणि राष्ट्रप्रेम यांचा त्रिवेणी संगम. यातील राजा आदर्श आहे. प्रत्येकाने अवश्य वाचावा.'

मित्रांनो, गुरुजींनी मला परत केलं तेव्हा माझी पानं चिकटलेलीच होती. एकही सुटलं नव्हतं. ते प्रस्तावनेपर्यंत आले होते आणि प्रस्तावनेतच त्यांना झोप लागली होती.

बरं, एक माणूस खोटं बोलला, समजून घेतलं. पण पुढचे? गुरुजींच्या खाली दुसऱ्यानं लिहिलं, 'वरीलप्रमाणे.' आणि सही. त्याच्या खाली तिसरा, 'वरीलप्रमाणे.' सही. मग आणखी एक, 'वरीलप्रमाणेच मत आहे.' पान भरलं. ग्रामसेवकाच्या कचेरीतसुद्धा इतके 'वरीलप्रमाणे' सापडायचे नाहीत. हजारो वर्षं लोक ज्या कवितेवर हमरीतुमरीवर आले, तिच्याबद्दल आमच्या अख्ख्या गावाचं मत एका शब्दात आटोपलं, आणि तो शब्दही मला न उघडता लिहिलेला!

एकटा सुग्रीव जरा बरा. तो पोलीस भरतीची तयारी करायचा, दुपारी उन्हाचं पळता येत नाही म्हणून वाचनालयात बसायचा. त्यानं चाकूनं मधलीच दोनचार पानं सोडवली आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'नुसती जहाजांची यादी हाय. रेशन दुकानाबाहेर लावतेत तसली. लई बोर.' मला तो अभिप्राय आवडला. अपमान होता, पण खरा होता. निदान त्यानं यादी वाचली होती.

मग स्वप्ना आली.

स्वप्ना म्हणजे धुळाजींची मुलगी. धुळाजी मेंढरं राखतात, थोडीफार शेतीही आहे. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीलासुद्धा इतकी हळू 'हजर' म्हणायची की बाई तिची गैरहजेरी मांडायच्या. नववीत तिला काय झालं कोण जाणे. एकदा वर्गात उभं राहून तिनं गणिताच्या सरांना 'सर, तुमचं उत्तर चुकलंय' म्हणून सांगितलं, आणि ते खरंच चुकलेलं निघालं. तेव्हापासून तिचा आवाज जो सुटला तो सुटलाच. सोबत कायम तिची मैत्रीण हीना. हीनाच्या अब्बांची, ख्वाजाभाईंची, बस थांब्यावर फळांची गाडी आहे.

"अजिनाथकाका, ह्ये जाडं पुस्तक देता का?" स्वप्ना म्हणाली.

अजिनाथ आमचे ग्रंथपाल. भला माणूस, पण स्वतःच्या सावलीलाही 'जरा सरकता का' म्हणणारा. ते म्हणाले, "पोरी, ते पोथ्यातलं हाय. कुणी नेत न्हाई."

"कुणी नेत न्हाई म्हणूनच द्या."

आता बसायचं कुठं, हा प्रश्न. समोरच्या हॉलमध्ये पुरुष मंडळी वर्तमानपत्रं पसरून बसतात. मागं एक खोली आहे, तिच्या दारावर पाटी आहे, 'महिला व बालवाचन कक्ष'. पण त्या खोलीत ना महिला ना बालक. तिथं वाचनालयाचे अध्यक्ष सुंदरराव यांच्या मंडपाचं सामान आहे. कनाती, सतरंज्या, लोखंडी पाईप, दोन भोंगे. सुंदररावांचा मंडपाचा धंदा आहे आणि अध्यक्षपदही त्यांचंच आहे, त्यामुळे खोली कुणाची हे कुणी विचारायचं नाही. गावातल्या मुली पुस्तक घेतात आणि घरी जातात. घरी गेलं की पाणी भर, भाकरी टाक, शेळी बांध. वाचणार कधी? म्हणून या दोघी बाहेरच्या पायरीवर बसायच्या. हीना पट्टीनं पानं सोडवायची आणि स्वप्ना मोठ्यानं वाचायची.

हीनाच्या पट्टीनं पहिलं पान सुटलं तेव्हाचा तो आवाज! सर्रर्र. मित्रांनो, मी इतकी वर्षं घुसमटले होते.

माझ्यातली नावं लांबलचक आणि परकी, त्यांच्या जिभेवर बसेनात. मग त्यांनी आपली नावं ठेवली. सगळ्या फौजांचा मुख्य, तो मोठा राजा. सगळ्यात शूर पण नाकावर राग असलेला, तो रुसका. आणि पलीकडच्या शहराच्या बाजूनं लढणारा, बायको-लेकराचा निरोप घेऊन जाणारा, तो भला गडी.

"थांब थांब," हीना म्हणाली. "दहा वर्षं झाली लढायलेत, आन् कशापायी? तर एक राणी पळून गेली म्हणून?"

"पळून गेली का पळवून नेली?"

"काय दिलंय त्यात?"

"दोन्ही दिलंय. पुस्तकालाच पक्कं म्हाईत न्हाई."

खरं आहे. मला माहीत नाही. पण विचारलं तरी कुणीतरी!

भला गडी लढाईला निघतो, डोक्यावर मोठं शिरस्त्राण घालून तान्ह्या बाळाला घ्यायला जातो, आणि बाळ घाबरून रडायला लागतं. ते पान आलं तर हीना उडालीच. "अगं, ह्यो तर आमचा गुफरान! अब्बांनी हेल्मेट घातलं की असंच भोकाड पसरतो. मग अब्बांना हेल्मेट काढून तोंड दाखवावं लागतं, का बाबा, मीच हाय."

"ह्यानं पण काढलंय. खाली ठिवलंय बघ."

"तवा पण असंच होतं व्हय गं?" आणि मग हीनानं ते पान परत एकदा वाचायला लावलं, कारण भला गडी परत येणार नाही हे त्या पानावर कळतंच.

पण मी सांगणार आहे ते त्याच्या बरंच आधीचं पान. मोठ्या राजाला लुटीत एक मुलगी मिळालेली असते. देवाचा कोप होतो, म्हणून तिला तिच्या बापाकडं परत पाठवावं लागतं. मग हा म्हणतो, माझं गेलं ना, तर मी दुसऱ्याचं घेणार. आणि भर सभेत रुसक्याच्या वाट्याची मुलगी आपल्याकडं ओढून नेतो. सगळे योद्धे बघत बसतात. रुसका तंबूत जातो आणि लढायचंच बंद करतो. हे वाचून स्वप्ना एवढी तापली की तिनं तिथंच समासात, पेननं लिहिलं:

'हा राजा दुसऱ्याच्या हक्काचं ओढून घेतो, आणि वर सगळ्यांपुढं भाषण करतो. बाकीचे माना खाली घालून बसतात. असल्याला पुढारी कोण करतं? - स्वप्ना, नववी'

हीनानं पेन हिसकावून खाली लिहिलं, 'त्या पोरीला कुणी विचारलं का? दोघं पण सारखेच.' पण सही केली नाही. "अब्बा ओरडतील," म्हणाली.

त्यानंतर दोघींचं जोरात वाजलं. रुसक्यानं लढाई सोडली ते बरोबर का चूक?

"बरोबर केलं," हीना म्हणाली. "राबायचं ह्यानं आन् मान दुसऱ्याला? कशाला जायचं मग?"

"तिकडं त्याचे दोस्त मरायलेत की! ह्यो बसलाय तंबूत गाणं वाजवत."

"मग राजानं माफी मागावी."

"राजा मागणार हाय व्हय? तोवर सगळे मरू देत?"

"तू राजाच्या बाजूनं हायस!"

"मी? मी राजाच्या बाजूनं? जा तू घरी!"

काही दिवस दोघी बोलल्या नाहीत. दोन मुली एका ग्रीक माणसाच्या तंबूवरून एकमेकींशी कट्टी! माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. कुणी 'वरीलप्रमाणे' म्हणत नव्हतं.

मग त्या परत पायरीवर आल्या, काही झालंच नाही अशा. वाचत वाचत अशा जागी पोचल्या की रुसक्याचा जिवलग मित्र रडत त्याच्याकडं येतो आणि म्हणतो, तू नाही लढत तर नको, तुझं चिलखत तरी मला दे. तेवढ्यात अंधारून आलं. स्वप्नानं तिथं केसांतली पिन लावली. "उद्या बघू याचं काय होतं," म्हणाली.

तो उद्या आला नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या तपासणीची बातमी आली. अजिनाथ धूळ झटकायला लागले, पुस्तकं टेबलावर आली. सुंदरराव देखरेखीला आले होते. त्यांनी सहज मला उचललं आणि सहज उघडलं. पान नेमकं स्वप्नानं समासात लिहिलेलं. त्यांनी माझा मजकूर वाचला नाही. एक ओळ नाही. समास वाचला.

त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"अजिनाथ! कोण ही स्वप्ना?"

"धुळाजीची हाय, भाऊ. का बरं?"

"दुसऱ्याच्या हक्काचं ओढून घेतो म्हणं! भाषण करतो म्हणं! म्हणजे काय? खोलीबद्दलच हाय ना ह्ये? माझ्याच वाचनालयात, माझ्याच पुस्तकात, माझ्याच नावानं?"

मित्रांनो, मी ओरडत होते. भाऊ, तुम्ही नाही हो! तो ग्रीसचा राजा आहे! डावीकडं बघा, मजकुरात बघा! पण बंद पुस्तकाचा आवाज कुणाला ऐकू येतो, आणि आमच्या गावात उघड्याचाही येत नाही.

रविवारी हॉलमध्ये सभा बोलावली. सभासद जमले. धुळाजींना रानातून बोलावून आणलं, ते घोंगडीची घडी खांद्यावर तशीच ठेवून दाराशी उभे राहिले. स्वप्ना मध्ये उभी. हीना खिडकीच्या गजाला धरून बाहेर. मी टेबलावर.

"एक तर माफी लिहून द्यायची," सुंदरराव म्हणाले, "न्हाईतर सभासदत्व रद्द. परत ह्या वाचनालयाची पायरी चढायची न्हाई."

स्वप्नाचं तोंड उतरलं. पायरी बंद म्हणजे सगळंच बंद. तिच्या घरात माझ्याएवढं जाड पुस्तक ठेवायला फळीसुद्धा नाही, आणि वाचायला निवांत कोपरा तर नाहीच.

"काका," ती म्हणाली, "मी तुमच्याबद्दल न्हाई लिहिलं. ते पुस्तकातल्या राजाबद्दल हाय."

"पुस्तकातला राजा? पोथीतला राजा असा असतो व्हय?" सुंदररावांनी माझं शेवटचं पान उघडलं. "ह्ये बघा, गुरुजींनी काय लिहिलंय. यातील राजा आदर्श आहे. सांगा गुरुजी, तुमी तर वाचलंय. हाय का ह्यात असला ओरबाडणारा राजा?"

सगळ्यांनी गुरुजींकडं पाहिलं. स्वप्नानंही पाहिलं, केवढ्या आशेनं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"त्याचं असं आहे," गुरुजी म्हणाले, "ग्रंथ थोर आहे. वाचून पुष्कळ दिवस झाले. राजा... एकंदरीत आदर्शच होता, असं स्मरतं."

"आन् बाकीचे? खाली सह्या केल्यात तुमी. पाटील? शिंदे? बोला की."

सगळ्यांच्या माना खाली. कारण बोलणार काय? कुणालाच माहीत नव्हतं की माझ्या पोटात राजा चांगला आहे की वाईट आहे की आहे तरी का!

मला तेव्हा आला तो राग अजून उतरलेला नाही. तुमच्या खोट्या कौतुकानं माझं काही बिघडलं नाही असं मी इतकी वर्षं म्हणत आले. पण त्या दिवशी ते कौतुक एका मुलीच्या विरुद्ध साक्षीला उभं राहिलं. नुसतं 'वाचलं नाही' एवढे दोन शब्द कुणी म्हणाला असता तरी ती सुटली असती. पण एवढं म्हणायला आमच्या गावच्या वाचकांची जीभ रेटली नाही.

"मग झालं तर," सुंदरराव म्हणाले. "असला राजा पुस्तकात न्हाईच. म्हणजे ह्ये माझ्यावरच हाय."

"वाचून दाखवू का?" स्वप्ना म्हणाली.

"काय?"

"पुस्तक. हितंच हाय की. वाचून दाखवते."

सुंदरराव नको म्हणायच्या आत तिनं मला उचललं. आधी ती हजेरीतल्या 'हजर'सारखी हळू वाचत होती. मग सभा सुरू झाली, माझ्यातली सभा. मोठा राजा उठला, रुसका उठला. तिचा आवाज चढला. राजाच्या ओळी ती छाती काढून वाचायची आणि रुसक्याच्या ओळी दात खाऊन. हॉलमधली वर्तमानपत्रं एकेक करून खाली आली. राजा 'मी तुझ्या तंबूतून तिला घेऊन जाणार' म्हणाला तेव्हा मागून कुणीतरी "अरे अरे" केलं. इतक्या लोकांनी मला एकदम ऐकावं, हे माझ्या जन्मात पहिल्यांदा घडत होतं.

सुग्रीव भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, ह्यो राजा लई वळखीचा वाटायलाय."

हॉलमध्ये हशा फुटला. हसू थांबेना. गुरुजीसुद्धा ओठ दाबत होते.

सुंदरराव हसले नाहीत. पण ते काही बुद्दू नव्हेत. त्यांना वाट दिसली. "बरं बरं," ते म्हणाले, "म्हणजे राजाबद्दलच हाय ना? मग मिटलं. कागद घे, लिही. 'मी लिहिलेला मजकूर पुस्तकातील राजाबद्दल असून आपल्या गावाशी किंवा कुणा व्यक्तीशी त्याचा काहीही संबंध नाही.' सही कर आन् जा घरी. सभासदत्व कायम."

अजिनाथनी पटकन कागद पुढं सरकवला, आणि हळूच म्हणाले, "लिही पोरी. खरंच तर हाय ना."

"लिही गं माय," धुळाजी दारातून म्हणाले. "सुटलीस की. लिही आन् चल, मेंढरं सोडून आलोय मी."

खरंच तर होतं. एक सही आणि मी परत तिच्या मांडीवर. केसांची पिन लावलेलं पान परत उघडणार. मित्रांनो, मलाही वाटलं, लिही बाई, लिहून टाक.

स्वप्नानं पेन हातात घेतलं. कागदाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"काका," ती म्हणाली, "मी लिहिलतं तवा राजाबद्दलच होतं. तुमची आठवण बी आली नव्हती मला, देवाशपथ. पण तुमी वाचलं आन् वाचल्या वाचल्या तुमाला तुमचीच आठवण आली. मग आता काहीही संबंध न्हाई, असं मी कसं लिहू?"

तिनं मागच्या दाराकडं बोट केलं.

"ती मागची खोली आमची हाय," ती म्हणाली. "पाटीवर लिहिलंय. तिच्यात तुमच्या सतरंज्या हायत. आता हाय संबंध." आणि पेन ठेवून दिलं.

खिडकीतून हीना ओरडली, "बरोबर हाय! खालचं मी लिहिलंय! माझी सही राहिली होती!"

धुळाजींनी कपाळाला हात लावला. पण पोरीला घेऊन निघताना त्यांनी तिला पुढं चालू दिलं आणि आपण मागून गेले. माझ्या ते लक्षात राहिलं.

स्वप्नाचं सभासदत्व रद्द झालं. आणि माझं? माझा मोठा सन्मान झाला! सुंदरराव म्हणाले, असा अमूल्य ग्रंथ पोरासोरांच्या हाती देणं बरं नाही, त्याची निगा राखली पाहिजे. तालुक्याहून काचेचं कपाट आणलं. मला आत मखमलीवर उघडं ठेवलं, पुढं पाटी लावली, 'दुर्मिळ ग्रंथ. हात लावू नये.' कुलूप घातलं. एक किल्ली सुंदररावांच्या खिशात आणि एक धूळ पुसण्यापुरती अजिनाथकडं. तपासणीला आलेल्या साहेबांनी कपाट बघून मान डोलावली. "पुस्तकांची फार काळजी घेता हो तुम्ही," म्हणाले.

काळजी! मित्रांनो, मला माहीत आहे, आमच्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की शेवटी काळजी घ्या म्हणतात. मी मेले तरी म्हणणार नाही.

मध्यंतरी भागवत गुरुजी आले. एकटेच. कपाटापुढं थांबले आणि अजिनाथना म्हणाले, "जरा हे द्याल का? नीट वाचावं म्हणतो." सुंदरराव तिथंच पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमी तर वाचलंय की गुरुजी." गुरुजी परत गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, पण रागाच्या खाली.

स्वप्ना मात्र रुसून घरी बसली नाही. ती रुसक्याच्या विरोधातलीच. बंदी असली तरी रोज शाळा सुटली की पायरी चढून येते, काउंटरपुढं उभी राहते आणि खणखणीत आवाजात म्हणते, "अजिनाथकाका, आमची खोली उघडली का?" अजिनाथ नाही म्हणतात. मग ती म्हणते, "उद्या येते." हीनाचं सभासदत्व शाबूत आहे. ती रोज माझंच नाव सांगते, आणि मिळत नाही म्हटलं की दुसरं पुस्तक घेत नाही.

अजिनाथना ते बघवलं नसावं. एके सकाळी धूळ पुसायला कपाट उघडलं तेव्हा त्यांनी इकडंतिकडं बघितलं, पिन लावलेलं पान शोधलं आणि मला तिथं उघडून ठेवलं, काचेकडं तोंड करून. दुपारी स्वप्ना आली तेव्हा ते पुटपुटले, "पोरी, जाता जाता कपाटाकडं बघ. रोज एक पान सोडवून उलटत जाईन मी. कुणाला कळायचं न्हाई."

ती काचेपाशी आली. तिचा श्वास काचेवर उमटला. मित्र चिलखत मागत होता, ती ओळ तिच्या नाकासमोर होती. पुढं काय होतं ते तिला किती दिवस छळत होतं, मला माहीत आहे. तिनं एक ओळ वाचली. मग मागं सरकली.

"काका," ती म्हणाली, आणि हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "पान उलटू नका. कपाट उघडा."

अजिनाथ दचकले. सुग्रीव उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. सुंदररावांनी पेपर आणखी वर धरला. कपाट उघडलं नाही. अजून उघडलेलं नाही. मी काचेतूनच बोलते आहे.

म्हणून मित्रांनो, मला पुसू नका, मला कव्हर घालू नका, माझ्यापुढं हात जोडू नका. मला न्या. मांडीवर घ्या, भाकरीचे हात लागले तरी चालतील. माझ्यातला राजा तुम्हाला चांगला वाटला तर तसं म्हणा, रुसका वाईट वाटला तर तसं म्हणा, मी बोर वाटले तर सुग्रीवसारखं यादीच्या पानावर लिहा. पण आधी पानं सोडवा. आणि सोडवली नसतील तर सरळ सांगा, नाही वाचलं. त्यानं कुणाची मान जात नाही. खोट्यानं जाते, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचीच.

आणि तुमच्या गावात असं कपाट असेल, तर जा, किल्ली मागा. मी काच फोडा म्हणणार होते, पण मग ती झाडावी अजिनाथनाच लागेल. म्हणून मागा. आज मागा, उद्या मागा, मैत्रिणींना घेऊन मागा. मागताना आवाज खाली ठेवू नका. समोर भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे, मी रोज बघते. ती वाचणाऱ्यांसाठी असते. आणि इथं आत्ता कुणाला वाचूच दिलं जात नाहीये.